घडण अजून पुरी व्हायची आहे

केनियाच्या किनाऱ्यावरील लामू हे स्वाहिली संस्कृतीचे जुने बंदर. गल्ल्या इतक्या अरुंद, की ओझी गाढवांच्या पाठीवरून वाहिली जातात. घरांच्या कोरीव दरवाजांशी दगडी ओटे असतात. त्यांना ‘बाराझा’ म्हणतात. थकलेल्या वृद्धाला तेथे टेकता येते आणि गल्लीच्या गप्पांतही राहता येते.

या किनाऱ्याच्या भाषेत एक म्हण आहे : ‘हुजाफा, हुजाउम्बिका’. तू अजून मेला नाहीस, म्हणजे तुझी घडण अजून पुरी झालेली नाही. दुसऱ्याच्या व्यंगाला हसणाऱ्यास ती सुनावतात. आजचा धडधाकट देह उद्या कसा असेल, हे कोणी सांगावे?

पण हीच भाषा निराळेही बोलते. ‘म्तु’ म्हणजे माणूस. अंधाला मात्र ‘किपोफू’, बहिऱ्याला ‘किझिवी’ म्हणतात. हा ‘कि’ मुख्यतः वस्तूंच्या नावांत येतो. ‘किती’ म्हणजे खुर्ची. आपणही ‘ते पांगळं’ असे नपुंसकलिंगी बोलून जातोच. आता तेथे ‘वातु वेन्ये उलेमावू’, अर्थात अपंगत्व असलेली माणसे, असे म्हटले जाते. अपंग व्यक्तीचा उल्लेख अवमानकारक नसावा, हा हक्क केनियाच्या २०१० च्या राज्यघटनेतच आहे.

पक्षाघाताने वाचा गेलेल्या आजोबांसमोर ‘यांचं जेवण झालं का?’ असे आपण तिसऱ्यालाच विचारतो. त्याऐवजी त्यांच्याजवळ बसावे, ‘आजोबा’ अशी हाक मारावी आणि त्यांनाच विचारावे. उत्तर मानेने आले, तरी ते त्यांचे असेल.