डांबराखालची कटलास

"काका, शनिवारी येऊ का गाडी न्यायला?" असा फोन आला तेव्हा मी गराजमध्ये पाठीवर आडवा होतो आणि माझा स्क्रू ड्रायव्हर गाडीच्या फ्रेममध्ये मुठीपर्यंत घुसलेला होता. "बघतो, कळवतो," एवढंच कसंबसं म्हणालो.

पण सुरुवातीपासून सांगतो. गाडी म्हणजे आमची १९७२ ची ओल्ड्समोबिल कटलास सुप्रीम. डेट्रॉइटजवळ नोकरी लागल्यावर १९७९ साली सेकंडहँड घेतलेली. ३५० चं व्ही-८ इंजिन, पेट्रोल पिण्यात साक्षात अगस्ती! ही ड्रायव्हिंग शिकली ती त्याच गाडीवर, मुलीला हॉस्पिटलमधून घरी आणलं तेही तिच्यातूनच. ओल्ड्समोबिल २००४ साली बंद पडली, तरी आमची कटलास गराज अडवून बसलेली. ऑगस्टमध्ये वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते, १९९५ पासून. तेवढ्यापुरती तिला पुसून मिरवून आणायची. आता आम्ही लहान घरात जाणार, तिथे एकाच गाडीची जागा. मंडळातल्या एका तरुण मुलाला ती मनापासून आवडली, सौदा ठरला. मागून जरा खडखड यायची, ती तेवढी बघून द्यावी म्हणून मी जॅक लावला.

मिशिगनकरांना मिठाचं कौतुक सांगायला नको. डेट्रॉइटच्या पोटातच, हजार फुटांहून खोल, मिठाची खाण आहे. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं, बर्फ वितळतो आणि ते खारं पाणी चाकांनी उडून चिखलासकट फ्रेमच्या खोबणीत बसतं. गंज चढायला पाणी आणि हवा पुरते, मीठ त्याला नुसता जोर देतं. गाडी बाहेर कडकडीत गोठलेली असली तर हे काम मंद चालतं. पण आम्ही पडलो मायाळू! गाडीला थंडी बाधेल म्हणून रोज रात्री उबदार गराजमध्ये घ्यायचो. म्हणजे तिला रात्रभर खाऱ्या पाण्याची अंघोळ.

त्यात १९८६ साली मी स्वतः एक पराक्रम केला होता. फ्रेमवर लाल पापुद्रे दिसले, तेव्हा तारेच्या ब्रशनं वरवर घासलं आणि त्यावर डांबरासारखं अंडरकोटिंग जाड फासलं. दिसायला झकास! मेकॅनिकल इंजिनियर म्हणवणाऱ्या माणसाला कळायला हवं होतं, की तो थर पुढे तडकतो, फटीतून पाणी आत शिरतं आणि मग त्याला सुकायला वाट राहत नाही. वर काळं कुळकुळीत, आत पोखरण चालू.

हातोडीनं ठोकत मागे गेलो. पुढच्या भागात ठण् ठण्. मागच्या चाकाच्या वर आवाज एकदम बसला, थप्. तिथेच स्क्रू ड्रायव्हर टोचला होता.

त्या काळच्या बऱ्याच अमेरिकन गाड्यांत खाली पोलादी चौकट असते आणि त्यावर बॉडीचं खोकं ठेवलेलं. मध्ये ठिकठिकाणी जाड रबर, आरपार बोल्ट. हे बॉडी माउंट. आमच्या मागच्या माउंटचा आधारच कुजलेला होता. बॉडी तिथे जवळजवळ सवयीनं उभी होती म्हणा ना!

खरं सांगतो, पहिला विचार काय आला? फळीवर काळ्या स्प्रेचा डबा होता. पाच मिनिटांचं काम. मुलाला खाली वाकून बघायची अक्कल नव्हती आणि मी 'काका' होतो.

जेवायच्या आधी हिला सांगितलं. पोळी लाटता लाटता हिनं एवढंच विचारलं, "त्याच्या बाळाची सीट मागेच बसवणार ना?"

रात्रीच फोन केला. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, "येतो काका. न्यायला नाही, बघायला." आला, गाडीखाली शिरला, बाहेर आला तो कपाळावर गंजाचा टिळा लावून. "दुरुस्त होईल?" मी म्हटलं, करून बघू.

आमच्या शेजारी कार प्लँटमधून निवृत्त झालेला एक वेल्डर राहतो. त्यानं पहिल्या दिवशी टॉर्च पेटवलाच नाही. मेजपट्टी काढून फ्रेमची तिरपी मापं घेतली, लिहून ठेवली. बॅटरी सोडवली, पेट्रोलची टाकी उतरवली. बोल्टांना चार दिवस तेल पाजलं. तरी एक हटून बसला. बॉडीच्या आतलं त्याचं नटच गरगर फिरायला लागलं, शेवटी कापावा लागला. लाकडाचा ठोकळा ठेवून बॉडी अर्धा इंच उचलायची, आणि एका वेळी एकच माउंट सोडायचा. सगळे सोडले तर खोकं सरकतं. मला वाटत होतं, भोकावर पट्टी मारली की झालं. त्यानं मान हलवली. चांगलं पोलाद लागेपर्यंत कापत गेला, फूटभर तुकडा निघाला! मग तेवढ्याच जाडीचं नवं पोलाद, थोडं इकडे, थोडं तिकडे असं जोडत, म्हणजे उष्णतेनं चौकट वाकत नाही. आतून मेण फवारलं आणि पाणी निघायची भोकं मोकळी ठेवली. तीच भोकं मी १९८६ साली डांबरानं बुजवली होती.

मुलगा पाच शनिवार आला. रबरं, पोलाद यांचे पैसे मी किमतीतून वजा केले. वेल्डरनं मजुरी म्हणून हिच्याकडून पुरणपोळ्या घेतल्या, दोनदा.

नवी रबरं, खाली एकदोन पातळ वॉशर, मग बोल्ट आवळले. न्यायच्या सकाळी ही म्हणाली, मी एक चक्कर मारून आणते. गल्लीला वळसा घालून आली, उतरली आणि दार लावलं. मग पुन्हा उघडून लावलं.

"हे उचलून लावावं लागायचं," ती म्हणाली. "किती वर्षं मी उचलूनच लावत होते." आणि किल्ली त्या मुलाच्या हातात दिली.