तिबिलिसीतला उपवासाचा रकाना

जॉर्जियन लिपीत 33 अक्षरं आहेत आणि बहुतेक सगळी गोल वळणांची. तिबिलिसीतल्या त्या छोट्या खानावळीत मेन्यू हातात आला, तेव्हा एक शब्द कुठे संपतो एवढंच कळत होतं. खाली बारीक इंग्रजी होतं, पण त्यात तीच अनोळखी नावं, पुढे लारी या तिथल्या चलनातले भाव. त्यात आई बरोबर. तिला मांस-मच्छी सोडाच, अंडंही चालत नाही. आणि इथली नावाजलेली आजारियन खाचापुरी म्हणजे चीज भरलेली पावाची होडी, वर अंड्याचा अख्खा बलक.

"मला आपलं दही-ब्रेड सांग," आई म्हणाली. इतक्या लांब येऊन तिनं दही-ब्रेडवर भागवावं, हे मला अजिबात पटेना.

वाढणाऱ्या मुलीला आम्हांला काय चालत नाही ते सांगितलं. तिनं पान उलटून एका रकान्यावर बोट ठेवलं: समार्ख्वो, उपवासाचे पदार्थ. ईस्टरच्या आधीचे दिवस होते. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती तेव्हा मांस, अंडी, दूध, लोणी सगळं वर्ज्य करतात. एरवीही बुधवार-शुक्रवार पाळणारे असतात. आपल्या उपवासाला दूध चालतं, कडधान्य नाही. यांचं नेमकं उलटं. पण 'उपवास' म्हटल्याबरोबर आई सावरून बसली. परमुलखात शाकाहारी माणसानं आधी तिथल्या लोकांचा उपवास विचारावा, असं माझं आता ठाम मत झालंय.

लोबिओ आला तो मातीच्या मडक्यात, रटरटत. लाल घेवडा अर्धवट ठेचलेला, वर भरपूर कोथिंबीर, सोबत म्चादी, म्हणजे मक्याची जाडसर भाकरी. पहिल्याच घासाला आई म्हणाली, "यात मेथी आहे." तिचं बरोबर होतं. उत्सखो सुनेली नावाचा हा मसाला मेथीच्याच कुळातल्या, निळसर फुलांच्या झाडाचा.

मग मश्रूमच्या खिंकाली, म्हणजे मोदकासारख्या शेंडीच्या पुरचुंड्या. शेजारच्या टेबलावरच्या आजींनी न विचारता शिकवलं: काटा-चमचा बाजूला ठेवायचा, शेंडीला धरून उलटी करायची, कडेला लहानसा चावा घ्यायचा, आतला रस ओढून घ्यायचा आणि मग उरलेली खायची. शेंडी ताटातच ठेवायची. आईला दुसऱ्याच खिंकालीला जमलं.

त्यापुढची ऑर्डर मी दिलीच नाही. आईनंच रकान्यातल्या नावावर बोट ठेवलं. आले ते तळलेल्या वांग्याचे काप, आत अक्रोड-लसणाचं वाटण, वर डाळिंबाचे दाणे.