मनोरीच्या तरीवर

मालाड स्थानकाच्या पश्चिमेस उतरून मार्व्याची बस धरावी आणि शेवटच्या थांब्यापर्यंत स्वस्थ बसून राहावे. बसमधून उतरून चार पावले गेले की खाडी समोर येते. पलीकडच्या काठावर माडांची दाट रांग दिसते, तीच मनोरी. मध्ये पाणी जेमतेम चार-पाच मिनिटांचे, परंतु तेवढ्या पाण्याने मुंबई मागे राहते. तरीवर स्कूटरी चढतात, भाजीच्या पाट्या चढतात, शाळेची मुले चढतात. तिकिटाचे सुटे पैसे हातोहाती फिरतात. दोन्ही तीरांवर तिवरांची झुडुपे चिखलात उभी असतात आणि ओहोटीच्या वेळी त्यांची मुळे उघडी पडून एखाद्या म्हाताऱ्याच्या बोटांसारखी दिसतात. वारा पलीकडून आला तर वलांडीवर वाळत घातलेल्या बोंबलांचा वास तरीवरच नाकात शिरतो. आमच्यासारख्या शाकाहारी माणसाने तो मुकाट्याने सोसावा. गावाच्या अन्नाचा तो वास आहे.

मी मनोरीस गेलो तो मात्र हवापालटासाठी नव्हे. घरात एक प्रश्न पंधरा दिवस तुंबून राहिला होता. माझा पुतण्या एकवीस वर्षे अमेरिकेत, न्यू जर्सीत, आहे. त्याचे पत्र आले. हल्लीच्या रीतीप्रमाणे ते दूरध्वनीच्या पडद्यावर आले, तथापि चांगले दोन पाने भरेल इतके लांब होते. कायमच्या वास्तव्याचा परवाना मिळून त्याला सात वर्षे झाली. पाच वर्षांनंतर तेथे नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. तो त्याने केला, बोटांचे ठसे दिले आणि मुलाखतही पार पाडली. राज्यव्यवस्थेवरील शंभर प्रश्न अगोदर छापून दिलेले असतात. त्यांतील दहा विचारतात आणि सहा बरोबर यावे लागतात. (२० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांस प्रश्नसंग्रह एकशे अठ्ठावीसांचा असून वीसांपैकी बारा उत्तरे बरोबर द्यावी लागतात, आमच्या चिरंजीवांचा अर्ज त्याआधीचा.) आता उरली होती ती शपथ. त्या शपथेत पूर्वीच्या राज्याविषयीची सर्व निष्ठा आपण संपूर्णपणे सोडीत आहो, असे उभे राहून, उजवा हात वर करून म्हणावे लागते. त्याने लिहिले होते, "काका, परीक्षा मी दिली. पण हे वाक्य तोंडातून काढू का? बाबांना विचारले, ते काही बोलत नाहीत."

दादा खरोखरच काही बोलत नव्हते. वहिनींचे म्हणणे, मुलाने तेथे घर केले, नातवंडे तेथली, मग हा खेळ अर्ध्यावर का ठेवावा? एक्याण्णव वर्षांच्या आईने एवढेच विचारले, "म्हणजे तो आता परका व्हायचा का रे?" त्यावर कोणी उत्तर दिले नाही आणि त्या दिवशी दादा पानावरून अर्धपोटी उठले.

मनोरीस माझे एक जुने सहकारी राहतात. आम्ही दोघांनी मालाडच्या एकाच शाळेत तीस वर्षे मुलांना शिकविले. मी मराठी, ते इतिहास. त्यांना सारे गाव मास्तर म्हणते, मीही म्हणतो. त्यांचे घर गावठाणात आहे. मंगळुरी कौले, पुढे ओटी, ओटीसमोर तुळशीवृंदावनाच्या जागी चुन्याने रंगविलेला क्रूस. बोलणे मात्र अस्सल मराठी, आमच्या व्याकरणास न जुमानणारे आणि आमच्याहून जुनी वळणे जपणारे. मी येणार म्हणून बाईंनी फुगे तळले होते. पूर्वी त्यांचे पीठ ताडीने आंबवीत. माझ्यासाठी ताडीही नाही आणि अंडेही नाही, असे त्यांनी ताट पुढे ठेवतानाच सांगून टाकले.

पत्र वाचून मास्तर हसले. म्हणाले, "तुमच्या पुतण्याला निदान विचारले तरी! आमच्या वाडवडिलांना कोणी विचारले?"

आणि मग ओटीवरच इतिहासाचा तास सुरू झाला. मनोरी, गोराई, उत्तन ही गावे ज्या भूभागावर आहेत त्याला धारावी बेट म्हणतात. मुंबईच्या मध्यभागी असलेली धारावी निराळी. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्याखालचा मुलूख तहाने पोर्तुगीजांना दिला. एका सहीसरशी येथील कोळी आणि कुणबी लिस्बनच्या राजाची प्रजा झाले. पुढे कित्येकांनी धर्म बदलला, नावे बदलली. शेत तेच राहिले, जाळे तेच राहिले. १७३७ साली मराठ्यांनी साष्टी घेतली, १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई घेतली, आणि तीच माणसे पेशव्यांची रयत झाली. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे घेतले, १७८२ च्या सालबाईच्या तहाने ते पक्के झाले. आता ती कंपनीची प्रजा. पुढे गोवा आणि मंगळूर इकडून नोकरीसाठी आलेले ख्रिस्ती मुंबईत वाढले, आणि सर्वांसच सरकार पोर्तुगीज ख्रिस्ती म्हणू लागले. तेव्हा १८८७ साली, राणीच्या राज्यारोहणास पन्नास वर्षे झाली त्या निमित्ताने, येथल्या मूळच्या ख्रिस्त्यांनी स्वतःला 'ईस्ट इंडियन' असे नाव घेतले.

"तीनशे त्रेपन्न वर्षांत," मास्तर म्हणाले, "आम्ही स्वतः होऊन घेतलेली ओळख ती एवढीच. बाकीच्या सगळ्या वरून पडल्या."

१९४६ साली जन्मलेले मास्तर इंग्रजी राजाची प्रजा म्हणून जन्मले आणि भारताचे नागरिक झाले ते तीन वर्षांचे असताना. आपण २६ जानेवारी १९५० हा दिवस मानतो. परंतु राज्यघटनेतील नागरिकत्वाची कलमे २६ नोव्हेंबर १९४९ रोजीच अमलात आली होती. प्रजासत्ताक होण्याआधी दोन महिने आपण नागरिक झालो. माझ्या घरी ही गोष्ट मीच कधी कोणाला सांगितली नव्हती.

बाई गोव्याच्या, बार्देशातल्या. त्यांचे नागरिकत्व तर याहूनही चमत्कारिक रीतीने आले. १९६१ च्या डिसेंबरात त्या बारा वर्षांच्या होत्या. शाळेत पोर्तुगीज शिकत, बाजारात एस्कुदो मोजीत. १९ डिसेंबरच्या संध्याकाळी पोर्तुगीज गव्हर्नरने शरणागती दिली. पुढे १९६२ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने हुकूम काढला, की २० डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण, दीव येथे जे जन्मले, किंवा ज्यांचे आईबाप वा आजेआज्या तेथे जन्मले, ते सर्व त्या दिवसापासून भारताचे नागरिक मानले जावेत. ज्यांना जुनेच नागरिकत्व ठेवावयाचे असेल त्यांनी एका महिन्याच्या आत तसे लिहून द्यावे.

"म्हणजे रात्री निजले ती एक," बाई म्हणाल्या, "आणि सकाळी उठले ती दुसरी. पण विहीर तीच होती, भाऊ. पाणी भरायचे ते भरलेच."

ज्यांनी लिहून दिले त्यांच्यातील एकाची कथा कायद्याच्या पुस्तकांत राहिली आहे. फादर मोंतेरो नावाच्या गोमंतकीय धर्मगुरूंनी पोर्तुगीज नागरिकत्व राखले. त्यांच्या जन्मभूमीत ते परदेशी ठरले आणि राहण्याचा परवाना घ्यावा लागला. १९६४ साली त्याची मुदत संपली. त्यांनी ती वाढवून मागितली नाही. खटला झाला, थोड्या दिवसांची कैद झाली, आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा कायम केली. त्यांचे मत आपणांस पटो वा न पटो; आपल्या शब्दाची किंमत त्यांनी स्वतः मोजून दिली, हे नाकारता येणार नाही.

त्या ओटीवर बसून मी प्रथमच आपला १९५५ चा नागरिकत्वाचा कायदा उलट्या बाजूने पाहिला. परक्या माणसास भारताचे नागरिक व्हावयाचे असेल तर आपण त्याच्याकडून काय मागतो? अर्जापूर्वीचे सबंध एक वर्ष येथे वास्तव्य, आणि त्याआधीच्या चौदा वर्षांत मिळून अकरा वर्षे, चांगले वर्तन, राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील एका भाषेचे पुरेसे ज्ञान. आपण अर्ज करीत आहो हे त्याने वर्तमानपत्रांत छापावे, म्हणजे कोणास हरकत असल्यास ती घेता येईल, अशीही रीत आहे. पूर्वीचे नागरिकत्व सोडण्याची हमी द्यावी. आणि शेवटी राज्यघटनेशी खरी श्रद्धा व निष्ठा राखण्याची शपथ घ्यावी. मुद्दा हा, की जे वाक्य माझ्या दादांच्या घशात अडकले होते, त्याच अर्थाची हमी आपला देशही मागतो!

आणि ती हमी देणारे आपल्या महाराष्ट्रात होऊन गेले आहेत. अमेरिकेत जन्मलेल्या गेल ऑम्वेट महात्मा फुल्यांच्या चळवळीचा अभ्यास करण्यास आल्या, सांगली जिल्ह्यातील कासेगावच्या सूनबाई झाल्या आणि १९८३ साली भारताच्या नागरिक झाल्या. २०२१ मध्ये कासेगावीच त्यांचा देह पडला. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या बोलीचा अभ्यास केला, तेथेच घर केले, १९७८ मध्ये नागरिकत्व घेतले आणि मुलांसाठी शाळा चालविली. आपण त्यांचे कौतुक करतो. त्यांनी आपल्या मातृभूमीस टाकले, असे आपल्यापैकी कोणी कधी म्हटले काय? मिनेसोटातल्या एखाद्या घरीही तेव्हा कोणी वडील माणूस पानावरून अर्धपोटी उठला असेल, हा विचार मला त्या दिवशी प्रथम शिवला.

अमेरिकेचे दारही आपल्या माणसांस नेहमी उघडे नव्हते. भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९२३ साली ठरविले, की हिंदी मनुष्य कायद्याच्या अर्थाने 'गोरा' नव्हे, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. ते दार १९४६ च्या कायद्याने किलकिले झाले, आणि तेही वर्षाला शंभर माणसांपुरते. माझ्या पुतण्यास ज्याचा संकोच वाटतो ते मागण्याचा हक्कही त्याच्या पणजोबांच्या पिढीला नव्हता.

दादांच्या मनात आणखी एक गोष्ट होती. ती त्यांनी बोलून दाखविली नव्हती, पण मी ओळखून होतो. ती म्हणजे गुहागरची वाडी. आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानीत नाही. परदेशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की आपले त्याच क्षणी संपते, आणि पारपत्र परत करावे लागते. त्यानंतर 'ओसीआय' म्हणतात ते कार्ड मिळू शकते. त्याने येणेजाणे आणि राहणे सुलभ होते. मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलार्जित जमीन वारसाहक्काने मात्र येऊ शकते. म्हणजे वाडीतला वाटा जात नाही. गावच्या कारभारातला आवाज जातो. या दोहोंत मोठे नुकसान कोणते, हे ज्याचे त्याने ठरवावे.

निघण्याच्या वेळी बाईंनी आपल्याच घरची गोष्ट सांगितली. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांची मुले-नातवंडे लिस्बनला नोंद करून पोर्तुगालचे नागरिकत्व मिळवू शकतात. तो कागद घेऊन पुष्कळ गोमंतकीय इंग्लंडात गेले. २०२० अखेर ती वाट बंद झाली, तरी कागदाचे आकर्षण उरले आहे. त्यांच्या नातवानेही आजीच्या जन्माचा दाखला मागितला.

"दिलात?" मी विचारले.

"दिला. माझा जन्म काही मी लपवून ठेवायची वस्तू नाही. पण त्याला म्हटले, बाबा, गाव घेतोस की नुसता कागद घेतोस? तिथले मत देणार, तिथल्या शेजाऱ्याच्या मयताला जाणार, तर खुशाल घे. नुसता दाराशी दाखवायला हवा असेल, तर तुझ्या आजीच्या नावाने नको."

"मग?"

"मग काय? विचार करतो म्हणाला. अजून करतोच आहे."

परतीच्या तरीवर भरती लागली होती. तिवरांची मुळे पाण्याखाली गेली होती. झाडे होती तेथेच उभी होती. मार्व्याच्या काठाला लागेपर्यंत पत्राचे उत्तर मनात जुळले. रात्री ते लिहून काढले. "तुझे वाक्य कठीण आहे, आणि ते तसेच असावे. आपल्या देशाने दिलेले नागरिकत्व तुला जन्मतःच मिळाले. त्यासाठी तू काही केले नाहीस. हे तू मागून घेतो आहेस, तेव्हा याचे ऋण अधिक आहे. निष्ठा कायद्याची असते ती त्या राज्याला दे, पुरी दे. मनात एक आणि ओठांवर एक असे करू नकोस. आईची भाषा, आजीची आठवण, वाडीतल्या फणसाची चव, यांचा उल्लेख कोणत्याच शपथेत नसतो, म्हणून ती कोणी सोडवून घेऊ शकत नाही. ती तू आपण होऊन सोडलीस तरच जातील. मत द्यावयास चुकू नकोस. आणि हे सारे तुला पटत नसेल, तर परवाना आहे त्यावर राहा. त्यातही कमीपणा नाही."

धाडण्यापूर्वी ते दादांपुढे ठेवले. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचले आणि मिटून माझ्या हाती दिले. बराच वेळ ते खिडकीतून बाहेर पाहत बसले. आई जपमाळ घेऊन बसली होती, तिच्या उजव्या कानाला ऐकू येते, त्या बाजूला वाकून मी तिला म्हटले, "परका नाही व्हायचा, आई. तिथला व्हायचा." तिने मान हलविली, समजून, की माझे समाधान व्हावे म्हणून, कोण जाणे.

दादा उठले ते भिंतीवरच्या कालदर्शिकेपाशी गेले. हातात पेन्सिल होती.

"शपथ त्यांच्या सकाळी म्हणतोस ना," ते म्हणाले, "म्हणजे आपल्या घड्याळाने किती वाजता?"