गोठ्यातला आवाज

परवा नातू पुण्याहून आला. जेवणं झाल्यावर अंगणात बाज टाकली, तर त्यानं मोबाइलवर एक जुनं इंग्रजी नभोनाट्य लावलं. बीबीसीचं, शेरलॉक होम्सचं. कार्लटन हॉब्ज नावाचा नट १९५२ ते १९६९ रेडिओवर होम्स व्हायचा, नॉर्मन शेली डॉक्टर वॉटसन. मला इंग्रजी कुठलं येतंय? पोरगं थांबवून थांबवून सांगत होतं.

बास्करव्हिल घराण्याच्या मागं भुताटकीचं कुत्रं लागलंय, त्याच्या तोंडातनं जाळ निघतो, असं सगळा मुलूख म्हणतोय. तेवढ्यात लंडनच्या हॉटेलात वारसदाराचा नवा बूट चोरीला जातो. मग जुना, वापरलेला जातो आणि नवा परत मिळतो. होम्स तिथंच ओळखतो. वास द्यायला घातलेलाच बूट लागतो, आणि भुताला वास कशाला पाहिजे? शेवटी कुत्रं खरं निघतं, तोंडाला फॉस्फरस फासलेलं.

नातू हसला. मला मात्र झोप लागेना.

बहात्तरच्या दुष्काळात मी तेरा वर्षांचा. चुलता मुंबईला गिरणीत होता, तो वारला. त्याची ट्रंक गावी आली, तिच्यात ट्रान्झिस्टर. "वरीस सरल्याबिगर घरात गाणं वाजायचं न्हाई," बापानं बजावलं. बैलं विकलेली, गोठा मोकळा. मी रात्री ट्रान्झिस्टर गुपचूप काढायचो आणि गव्हाणीत बसून बारीक आवाजात नाटकं ऐकायचो. सेल उतरलेले. माणसाचा आवाज घोगरा, लांबनं आल्यासारखा यायचा.

शेजारच्या म्हातारीनं तो ऐकला. दुसऱ्या दिवशी गावभर झालं, मेलेला गोठ्यात येतोय, बायकोला हाका मारतोय. देवऋषी आणला. त्यानं काकीला मधी बसवलं, मिरच्यांची धुरी दिली, निंबाच्या डहाळीनं झोडपलं. "कोण हाईस, बोल!" ती खोकत एवढंच म्हणायची, "मला काय ठावं न्हाई वो." मी उंबऱ्याशी उभा. एक शब्द बोललो असतो तर ती सुटली असती. पण बापाचा चाबूक डोळ्यांपुढं.

त्याच रात्री ट्रान्झिस्टर ट्रंकेत ठेवला. आवाज बंद झाला. देवऋषीचा गुण आला म्हणून बापानं त्याला कोंबडा दिला.

काकी महिन्याभरात माहेरी गेली ती परत आली नाही. पुढं तिच्या दहाव्याला गेलो होतो. तिथंही तोंड उघडलं नाही.

सकाळी नातवाला हे सगळं सांगितलं. घरात पहिल्यांदाच. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, "आबा, पण गोठ्यात जाऊन कुणी बघितलं कसं नाही?"

खरं होतं त्याचं. त्याला होम्स लागत नव्हता. कंदील घेऊन कुणी वीस पावलं चाललं असतं, तर गव्हाणीत भ्यालेलं एक पोर सापडलं असतं. पण गोठ्याकडं कुणी बघितलंच नाही. सगळे काकीकडंच बघत होते.