दुसऱ्याचं अंग, आपली जीभ



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मधे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे वाचन-लेखन दोन्ही बंद होतं. आता नजर स्वच्छ झाली आहे, तेव्हा नजरेविषयीच लिहावं म्हणते.

चेहराभर गोंदवलेला माणूस, कानाच्या पाळीला रुपया आरपार जाईल एवढं भोक, मधोमध चिरून सापासारखी केलेली जीभ, कपाळाच्या कातडीखाली बसवलेले सिलिकॉनचे उंचवटे... असले फोटो हल्ली कुणी ना कुणी पाठवतंच. क्वचित असा एखादा माणूस रेल्वेच्या डब्यात समोरच येऊन बसतो. मग डब्यातली कुजबुज ऐकावी. प्रश्न ठरलेले तीन. "दुखलं नसेल का हो?" "आईबापांनी कसं करू दिलं?" आणि "म्हातारपणी कसं दिसेल?" गंमत अशी की हे तिन्ही प्रश्न त्या माणसाला कुणी विचारत नाही. शेजारच्याला विचारतात. आणि त्याला ऐकू जाईल अशा बेताने विचारतात!

मी बत्तीस वर्षं मराठी शिकवलं. त्यामुळे शब्द नीट ऐकायची खोड लागली आहे. भाजलेल्या चेहऱ्याची मुलगी दिसली की लोक "अरेरे" म्हणतात आणि स्वतःहून चेहरा गोंदवलेली दिसली की "शी" म्हणतात. शब्द दोन, पण दोन्हींत ती मुलगी कोण, तिचं नाव काय, हे विचारणं राहूनच जातं. फरक एवढाच, की "अरेरे" म्हणताना आवाज खाली येतो आणि "शी" म्हणताना वर जातो. त्याने स्वतःच ओढवून घेतलंय ना, मग आपल्याला बोलायची मोकळीक, असा हिशेब असतो.

हा हिशेब मला कधी पटला नाही. का, ते सांगते.

अमेरिकेत कॅलिफोर्नियात ज्युलिया ग्नूस नावाची बाई होती. सर्वांत जास्त गोंदवलेली स्त्री म्हणून गिनीज बुकात तिचं नाव गेलं होतं. अंगाचा सुमारे ९५ टक्के भाग रंगीत चित्रांनी भरलेला, चेहरासुद्धा. रस्त्यात लोक थांबून बघत. पण तिला पोर्फिरिया हा विकार होता. ऊन लागलं की कातडीवर फोड येत आणि त्यांचे व्रण राहत. एका प्लास्टिक सर्जनने सुचवलं, की व्रणांवर कातडीच्याच रंगाचं गोंदण करून बघावं. तो प्रयत्न जमला नाही. तेव्हा तिने ठरवलं, लपवता येत नसेल तर मग चित्रंच काढू! गोंदणाने फोड थांबले नाहीत, पण लोक व्रणांऐवजी चित्रं पाहू लागले. २०१६ मध्ये ती वारली. तिला पाहून "काय हा हट्ट" म्हणणाऱ्यांपैकी किती जणांना पोर्फिरिया ठाऊक होता?

आता कुणी म्हणेल, तिला कारण होतं, बाकीच्यांना काय कारण? तर इंग्लंडच्या होरेस रिडलरची गोष्ट घ्या. पहिल्या महायुद्धात तो सैन्यात अधिकारी होता. १९२७ मध्ये लंडनच्या जॉर्ज बर्चेट या नामांकित गोंदणकाराकडे तो गेला आणि डोक्यापासून पायापर्यंत झेब्र्यासारखे जाड काळे पट्टे गोंदवून घ्यायला त्याने सुरुवात केली. चेहऱ्यावरही. मग नाक टोचलं, कानाच्या पाळ्या ताणल्या, दात कानशीने टोकदार केले. हे सगळं कशासाठी? पोटासाठी. "द ग्रेट ओमी" या नावाने तो तमाशात उभा राहिला. १९३९ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात रिप्लेच्या खेळात लोकांनी त्याला तिकीट काढून पाहिलं. त्याची बायको प्रेक्षकांना त्याची ओळख करून देई. म्हणजे तोंडात बोटं घालणाऱ्या लोकांच्या पैशावरच या दोघांचा संसार चालला. विचित्र कोण म्हणायचं, पट्टेवाला की तिकीटवाले?

हे सगळं परदेशात, आपल्याकडे नाही, असं मनात येत असेल तर जरा थांबा. माझ्या आजीच्या कपाळावर, हनुवटीवर आणि दोन्ही हातांवर गोंदण होतं. गावात गोंदणारणी यायच्या, सुया आणि काळा रंग घेऊन. मेल्यावर दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढं बरोबर येतं, असं आजी म्हणायची. त्या वेळी गोंदण नसलेल्या बाईला नावं ठेवायचे. पुढे माझी आई शहरात आली, तेव्हा शेजारच्या सुशिक्षित बायका तिच्या हातावरच्या हिरव्या ठिपक्यांकडे बघत आणि ती पदर पुढे ओढून घेई. आणि आता माझ्या नातीच्या मैत्रिणी हजारो रुपये मोजून तेच ठिपके काढून आणतात! कातडी तीच, सुई तीच. तीन पिढ्यांत बदलले ते बघणारे.

नवसाच्या मुलाचं नाक टोचून त्याला नथू म्हणणारे आपणच. तान्ह्या बाळाचे कान टोचताना ते किंचाळतं आणि आपण पेढे वाटतो. त्याची संमती कुणी घेतली होती? पुण्याच्या ढोल-ताशा पथकातल्या पोराने कानात भिकबाळी घातली की "काय रुबाब!" म्हणतो. त्याच कानाचं भोक थोडं मोठं केलं, की त्याच पोराचं डोकं फिरलंय!

लोकांचं कौतुक किती लवकर फिरतं, याचं सर्वांत वाईट उदाहरण मला चीनमधलं वाटतं. लहान मुलींची पावलं आवळून बांधायची, बोटं तळव्याखाली मोडून दुमडायची, म्हणजे पाऊल मुठीएवढं राहील. शेकडो वर्षं या पावलांवरून स्थळं ठरली. मग हवा बदलली. १८९५ मध्ये अ‍ॅलिशिया लिटल या इंग्रज बाईंनी पावलं न बांधण्याच्या प्रचारासाठी संस्था काढली. चिनी सुधारकही बोलू लागले आणि १९१२ मध्ये नव्या प्रजासत्ताकाने प्रथा बंद करायचा हुकूम काढला. प्रथा क्रूर होती, ती गेली ते फार चांगलं झालं, यात दुमत नाही. पण ज्यांची पावलं आधीच मोडली होती त्या बायकांचं काय? शान्सी प्रांतात तपासनीस घरोघर जाऊन पट्ट्या सोडायला लावत, दंड करत. मोडलेलं पाऊल पट्टी सोडल्याने सरळ होत नाही, उलट आधार गेल्याने चालणं अवघड होतं. पाचव्या-सहाव्या वर्षी ज्या पावलांसाठी तिला रडवलं, चाळिशीत त्याच पावलांसाठी तिला लाजवलं. दोन्ही वेळा तिला कुणी विचारलं नाही.

आपल्या अरुणाचलात झिरो खोऱ्यातल्या आपातानी आज्यांच्या नाकपुड्यांत मोठाल्या काळ्या चकत्या असतात, चेहऱ्यावर गोंदणाच्या रेघा असतात. बाहेरगावी शिकायला गेलेल्या मुलींना लोक हसत म्हणून १९७० च्या दशकात तरुण पिढीने ती चाल सोडली. आता त्याच आज्यांचे फोटो काढायला पर्यटक लांबून येतात. आधी हसले, मग कॅमेरा घेऊन आले.

असो. याचा अर्थ वाट्टेल ते करावं, असं मी म्हणत नाही. मास्तरीण आहे, शिस्त सुटायची नाही :) इंग्लंडात वुल्व्हरहॅम्प्टन गावात एका गोंदणकाराने गिऱ्हाइकाचा कान कापून काढला, दुसऱ्याचं स्तनाग्र काढलं, तिसऱ्या व्यक्तीची जीभ चिरली. तिघांचीही संमती होती. तरी २०१८ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने सांगितलं, की इथे संमती हा बचाव होऊ शकत नाही. गोंदणं, टोचणं वेगळं आणि वैद्यकीय कारण नसताना शस्त्रक्रिया करणं वेगळं. त्याने गुन्हा कबूल केला आणि २०१९ मध्ये त्याला ४० महिन्यांची शिक्षा झाली. त्याच्या बाजूने १३,००० हून अधिक लोकांनी सह्या केल्या होत्या. तरीही मला न्यायालयाचं म्हणणं पटतं. वैद्यकीचं शिक्षण नसलेल्या माणसाने सुरी चालवू नये. आपल्याकडे तिरुचिरापल्लीत डिसेंबर २०२४ मध्ये जीभ चिरून देणाऱ्या गोंदणाच्या दुकानाला टाळं लागलं आणि दोघांना अटक झाली, तेही योग्यच झालं. पोर वयाने लहान असेल, सुई स्वच्छ नसेल, तर आडवं पडून थांबवावं.

पण न्यायालयाने सुरी चालवणाऱ्याला शिक्षा दिली. ज्याचा कान गेला त्याला नाही. समाज म्हणून आपण नेमकं उलटं करतो. ज्याच्या अंगावर घडलं, त्यालाच जन्मभर शिक्षा. होणाऱ्या गोष्टीबद्दल सल्ला द्यावा, भांडावंसुद्धा. झालेल्या गोष्टीबद्दल टोमणा मारून काय साधतं? टोमण्याने कान भरून येत नाही.

आता खरं सांगते, हे सगळं पुराण मी का लावलं. आमच्या नात्यातले वाचक एव्हाना ओळखून असतील. येत्या मे महिन्यात आपल्या घरात कार्य आहे. माझ्या पुतण्याचा मुलगा बेंगळुरूहून येणार आहे. वय सत्तावीस, कॉम्प्युटरवर कार्टून काढायची नोकरी. गळ्यापासून अर्ध्या गालापर्यंत गोंदण आहे, कानाच्या पाळ्या ताणलेल्या आहेत. मला ते आवडतं का? नाही आवडत. मी त्याला तसं सांगितलंय आणि तो "काकीआजी, तुझा चष्मापण मला आवडत नाही" म्हणून हसला. विषय संपला.

आपल्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याचा फोटो टाकून जे विनोद झाले, ते त्याच्या आईने वाचले. दुसऱ्या दिवशी ती ग्रुपमधून बाहेर पडली. आणि आता निरोप गेला आहे म्हणे, की मुलीकडची माणसं काय म्हणतील, तेव्हा त्याने मुहूर्ताला मागे बसावं आणि घरच्या फोटोत उभं राहू नये.

मंडळी, दादाभावजींच्या शेवटच्या आजारात अकरा रात्री हॉस्पिटलातल्या त्या प्लास्टिकच्या खुर्चीत कोण बसलं होतं, आठवा. दादाभावजींनी पहिल्या दिवशी नातवाच्या गालाकडे बघून विचारलं होतं, "हे धुतल्यावर जातं का रे?" तो म्हणाला, "नाही जात आजोबा." तिसऱ्या दिवसापासून त्यांना दाढी करायला दुसऱ्या कुणाचा हात चालेना. ज्या म्हाताऱ्याने आयुष्यभर सदऱ्याचं वरचं बटण उघडं टाकलं नाही, त्याला तो गाल चालला. आपल्याला तीन तासांच्या लग्नात चालत नाही?

मुलीकडची माणसं काय म्हणतील हे मला माहीत नाही. पण आपण त्याला मागे बसवलं, तर हे लपवण्यासारखं आहे, हे त्यांना आपणच शिकवलेलं असेल. आपण सहज म्हटलं, "हा आमचा नातू," तर तेही घटकाभर बघतील आणि जेवायला बसतील.

तेव्हा मी आजच सांगून ठेवते. मुहूर्ताला तो माझ्या शेजारी, पहिल्या रांगेत बसेल. घरच्या फोटोत तो नसेल तर मीही नाही. त्याच्या आईला मी स्वतः फोन केला आहे, ती येते आहे. कुणाला त्याच्याशी काय बोलावं सुचत नसेल, तर साधं विचारा, "प्रवास कसा झाला रे?" बेंगळुरूहून रात्रभर बसमध्ये बसून येणार आहे पोर. पुढचं तो बोलेल, बोलका आहे.