पांढऱ्या फडक्यावरचे ठिपके

एमबीबीएस झालं, इंटर्नशिप संपली आणि बंधपत्राच्या सेवेसाठी मला सिंधुदुर्गातलं एक प्राथमिक आरोग्य केंद्र मिळालं. मी लातूरकडची. काजूचं झाडही तोवर पाहिलेलं नव्हतं. रुजू होऊन आठवडा झाला नाही तोच वरिष्ठ मॅडम म्हणाल्या, "बुधवारी आशाताईंचं प्रशिक्षण आहे. माकडताप तुम्ही घ्या."

माकडतापावर मी परीक्षेत एक टीप लिहिली होती. रुग्ण मात्र एकही पाहिला नव्हता. रात्री जागून वाचलं. १९५७ साली कर्नाटकात, तेव्हाच्या शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली आणि पाठोपाठ माणसं तापाने आजारी पडली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी विषाणू शोधला. सुरुवातीला त्यांना पीतज्वराचा संशय होता, पण निघाला वेगळाच विषाणू, गोचिडीतून पसरणारा. पुढची अनेक दशकं हा आजार कर्नाटकातल्या मोजक्या जिल्ह्यांपुरता राहिला. मग तो केरळ आणि तमिळनाडूत दिसला, २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये आमच्या शेजारी दोडामार्गात.

बुधवारी हे सगळं मी मन लावून सांगितलं. विषाणूचं कुळ, गोचिडीचं शास्त्रीय नाव, तिच्या अवस्था, रक्ताच्या तपासण्या. बावीस आशाताई शांतपणे वहीत उतरवून घेत होत्या. शेवटी मी म्हटलं, "लोकांना सांगा, जंगलात जाणं टाळा." तेव्हा मागच्या बाकावरच्या एक वयस्क ताई उभ्या राहिल्या. "डॉक्टरानू, काजी वेचूक जावचा की नाय, ता सांगा."

मला उत्तर देता आलं नाही. गोचिडीची पिल्लं माणसाला चावतात ते दिवस साधारण डिसेंबर ते मे, आणि इथल्या घराचं वर्षाचं गणित ज्यावर चालतं तो काजूचा हंगाम नेमका त्याच दिवसांत. बाया बागेत वाकून बी वेचतात, बोंडू बाजूला करतात, येताना गोठ्यासाठी पातेरो, म्हणजे झाडाखालचा सुका पाला, भारा बांधून डोक्यावरून आणतात. 'जाऊ नका' हा सल्ला त्यांच्या काहीच कामाचा नव्हता.

पुढच्या आठवड्यात कीटक सर्वेक्षणाचं पथक आलं. मी आणि त्या ताई त्यांच्याबरोबर बागेत गेलो. एका काठीला पांढरं जाड फडकं बांधून पथकातले दादा ते पाल्यावरून हळूहळू ओढत होते. थोड्या वेळाने त्यांनी फडकं उलटं केलं. मला काहीच दिसेना. "नीट बघा," ते म्हणाले. मी वाकले. तिळापेक्षाही लहान तपकिरी ठिपके होते आणि ते चालत होते. माझ्या डोळ्यांसमोर आमच्या गाईच्या कानातली टम्म फुगलेली गोचीड होती. ताईही म्हणाल्या, "ह्यो गोचड्यो? ह्यो तर दिसणत पण नाय!"

आम्ही दोघी इतके दिवस 'गोचीड' हा एकच शब्द वापरत होतो आणि दोघींच्याही मनात चुकीचा प्राणी होता. मोठी गोचीड बहुतेक गुराढोरांवर वाढते. माणसाला विषाणू देतात ती मुख्यतः ही बारीक पिल्लं. चावल्याचं कळतही नाही. "मला गोचीड चावलीच नाही" असं रुग्ण सांगतो, तेव्हा तो खोटं बोलत नसतो.

तेव्हापासून वाडीवाडीत बैठक घ्यायला जाताना मी तसं फडकं बरोबर नेऊ लागले. आधी फडकं दाखवायचं आणि मग बोलायचं. बोलणंही ताईंनीच बदललं. अंगभर कपडे घाला, गोचिडी दूर ठेवणारं डेपा तेल हातापायांना लावा, आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करा, कपडे गरम पाण्यात टाका, असं मी सांगत होते. बाया मान डोलवत आणि विसरून जात. भारा टाकल्या टाकल्या त्यांना चूल पेटवायची असे, आंघोळ रात्रीवर जाई. ताई म्हणाल्या, "घरात जो रवता, तेना पाणी तापत ठेवचा." मग आम्ही घरात राहणाऱ्या म्हाताऱ्यांना आणि शाळेतल्या मुलांना ते काम सांगितलं. आई बागेतून आली की न्हाणीत पाणी तयार आणि कपड्यांसाठी वेगळी बादली. तेल तुळशीपाशी नको, कोयता टांगतात त्या खुंटीला टांगा, म्हणजे निघताना हाताला लागेल, हेही त्यांनीच सुचवलं.

मेलेल्या माकडाबद्दलही कारण सांगितल्यावरच लोक ऐकू लागले. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरून आसपासच्या पाल्यात पसरतात. म्हणून त्याला हात लावायचा नाही, ओढून टाकायचं नाही, लगेच आरोग्य केंद्राला कळवायचं.

फेब्रुवारीत आमच्या केंद्रात पहिला रुग्ण आला. चाळिशीचे एक काका, तापाचा चौथा दिवस, डोळे लालभडक, कपाळ ठणकतंय, मांड्यांना हात लावू देत नव्हते. दोन दिवस साधा ताप म्हणून गोळ्या खाल्ल्या होत्या. ताईंनी त्यांना पातेरो आणताना पाहिलं होतं, म्हणून त्या त्यांना घेऊन आल्या. रक्ताचा नमुना पाठवला, अहवाल पॉझिटिव्ह आला. या आजारावर नेमकं औषध नाही. शरीरातलं पाणी टिकवणं, रक्तस्रावावर लक्ष ठेवणं आणि वेळेत मोठ्या रुग्णालयात हलवणं, एवढंच हातात असतं. शंभरात तीन ते पाच रुग्ण दगावतात. काका बरे होऊन घरी गेले.

आणि इथे माझी चूक झाली. काही रुग्णांना आठवडा-दोन आठवडे बरं वाटल्यावर पुन्हा ताप येतो, डोकं असह्य दुखतं, हातपाय कापतात, बोलणं भरकटतं. हे मी वाचलं होतं, प्रशिक्षणात सांगितलंही होतं, पण काकांच्या घरी सांगायचं राहिलं. तिसऱ्या आठवड्यात त्यांचं डोकं पुन्हा ठणकू लागलं, तेव्हा काकी दोन दिवस घरीच थांबल्या. त्यांना वाटलं, अशक्तपणा असेल. ताई सहज डोकावल्या म्हणून कळलं. काका वाचले. ते दोन दिवस मात्र मी अजून विसरलेले नाही. आता कुणालाही घरी सोडताना मी घरातल्या माणसाकडून वदवून घेते: ताप उतरला म्हणजे आजार संपला नाही.

त्याच काळात काकांच्या घरी लोकांनी येणं बंद केलं होतं. शेजारीण त्यांच्या विहिरीवर येईना. मी त्यांच्या ओटीवर बसून चहा घेतला आणि जमलेल्यांना सांगितलं की माकडताप माणसापासून माणसाला होत नाही. व्याख्यानापेक्षा त्या चहाचा उपयोग जास्त झाला.

"लस नाय काय?" हे सगळेच विचारतात. कर्नाटकात वर्षानुवर्षं एक लस दिली जात होती, पण ती पुरेशी परिणामकारक ठरली नाही आणि तिचा वापर थांबला. नव्या लशीवर काम चालू आहे. तोवर आपल्याकडे माहिती हीच लस आहे, आणि ती बाईच्या रोजच्या कामात बसली तरच लागू पडते.

माझ्यासारख्या नव्या डॉक्टरांना एक विनंती. कुठल्याही गावात जाल तिथे आधी विचारा की इथले लोक कुठल्या महिन्यात, कशासाठी, कुठे जातात. आजाराचा निम्मा पत्ता त्यात असतो. आणि सह्याद्रीच्या पायथ्याला राहणाऱ्या वाचकांनो, हंगामात ताप आला तर "ताप आहे" एवढंच सांगून थांबू नका. काजूच्या बागेत किंवा रानात शेवटचे कधी गेला होतात, तेही डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा.