दोन रंगांमधली रेघ

तांबडा आणि पिवळा जिथे भेटतात तिथे कड सुरीने कापल्यासारखी यायला हवी. भोवऱ्यावर ती तशी नाही आली तरी गिऱ्हाईक काही बोलत नाही, चार दिवसांत पोरं तो फरशीवर आपटून खरवडणारच असतात. माझा जीव मात्र त्या कडेतच अडकलेला.

अडचण लाखेच्या स्वभावातच आहे. फिरत्या लाकडावर कांडी दाबली की घासून उष्णता होते, लाख ७५-८० अंशांच्या आसपास पातळ होते आणि बसते. शेजारी पिवळी कांडी दाबावी, तर बसलेली तांबडी पुन्हा पाघळते. वरून केवड्याचं पान फिरवलं की दोघी एकमेकींत शिरतात आणि मध्ये नारिंगी पट्टा उमटतो. पटाशीच्या टोकाने आधी खाच पाडून ठेवली की हे टळतं. बहुतेक कातारी तेच करतात. मी करत नाही. खाच बोटाला लागते, आणि बोटाला लागली म्हणजे ती माझ्या लेखी रेघ नाहीच. चन्नपट्टणवाल्यांना काळ्या कुड्याचं पांढरंशुभ्र, घट्ट लाकूड मिळतं, त्यावर कोणालाही जमेल, अशी मी मनाची समजूत घालत आलो.

यंदा आमच्या सावंतवाडीत पुण्याच्या डिझाइन कॉलेजातली एक मुलगी इंटर्नशिपला आली. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "काका, दाब किती द्यायचा?" मी म्हटलं, "बसात तितको." ती हसली नाही, वहीत लिहून घेतलं. मग कांडी नेमकी कधी उचलता, श्वास का रोखता, असं सुरू झालं. श्वास रोखतो हे मलाच ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालंय, तर ऐन वेळी छातीकडे लक्ष जातं आणि हात हलतो. घरी मी चष्म्याचा नंबर वाढल्याचं सांगितलंय.

तिने काय केलं, तर सगळे भोवरे आधी तांबडे करून रात्रभर थंड होऊ दिले. सकाळी पट्टा मोठ्या पुलीवर चढवून वेग उतरवला, पिवळी लावली, आणि पान जोडापासून बाहेरच्याच बाजूला ओढलं, जोडाकडे एकदाही नाही. कड स्वच्छ आली. माझ्या वडिलांच्या लेथवर दोरी ओढायला माणूस असे, लाकूड सावकाश इकडून तिकडे फिरे, आणि त्यांचीही कड अशीच येई. मोटर आली तेव्हा तिचा वेग बघायला मी शेजाऱ्यांना बोलावून आणलं होतं.

हल्ली बाजारात फवाऱ्याने गाडीचा रंग मारतात आणि लाखकाम म्हणून विकतात. स्पिरिटात भिजवलेला कापूस घासा, लाख असेल तर रंग कापसावर येतो. गिऱ्हाइकांसमोर हा प्रयोग करायला मला भारी आवडतं. त्या दिवशीही केला, तिच्या भोवऱ्यावर. माझे काउंटरवर पुढे मांडलेले होते, ते कशाला खराब करा!

जाताना तिने कॉलेजचा फॉर्म पुढे केला. शेऱ्यात 'उत्तम' लिहावं की 'चांगलं' यावर माझा अख्खा चहा संपला. 'चांगलं' लिहिलं आणि खाली झोकदार सही केली.